वयाप्रमाणे गट पाडले, पण एकत्र कधी बसायचं?

(दौंडमधल्या एका तरुण मेळाव्यात केलेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ना' थोडे कमी केलेत.)

 

आजचा विषय तसा आपल्या रोजच्या बघण्यातला आहे. कुठल्याही चर्चच्या नोटीस बोर्डावर बघा. संडे स्कूल सकाळी साडेआठ. तरुण संघ शनिवारी संध्याकाळी. महिला मंडळ बुधवारी दुपारी. मे महिन्यात मुलांची सुट्टीतली बायबल शाळा. दृढीकरणाचा वर्ग वेगळा. प्रत्येक वयाला आपापला गट, प्रत्येक गटाला आपापला अध्यक्ष, आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप तर असतोच.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आम्हीही ऑफिसात दिवसभर हेच करतो. अठरा ते चोवीस वयाचे युजर एकीकडे, पंचेचाळीसच्या वरचे दुसरीकडे, आणि प्रत्येकाला वेगळी स्क्रीन दाखवायची. वस्तू विकायची असेल तर हे बरोबरच आहे. पण विश्वास ही गोष्ट एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाते, आणि बहुतेक वेळा मोठ्याकडून लहानाकडे. मग आजी बुधवारी येणार, नातू रविवारी सकाळी येणार आणि मधला मुलगा पुण्यात असणार, तर ती गोष्ट जाणार कशी? मला तरी हा प्रश्न आपल्या भागात फार जवळचा झालाय.

आपला भाग म्हणजे कोणता, ते बाहेरच्यांसाठी सांगतो. पाटस. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव, दौंडच्या अलीकडचं रेल्वे स्टेशन, साखर कारखाना, चारही बाजूंना ऊस. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण १० लाख ८० हजार होते. ऐकायला मोठा आकडा, पण राज्याच्या लोकसंख्येत तो एक टक्काही नाही. वसई, मुंबई, पुणे, नगर असे काही भाग सोडले की गावागावात आपली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. आमच्याकडे तसंच आहे. रविवारच्या भक्तीला दौंडला जायचं आणि आठवड्यात एखाद्या दिवशी कुणाच्या तरी घरी कॉटेज प्रार्थना.

आता एवढ्याशा मंडळीत वयाप्रमाणे गट पाडले की काय होतं बघा. संडे स्कूलमध्ये पाच मुलं, त्यात एक चार वर्षांचं आणि एक तेरा वर्षांचं. तरुण संघाच्या यादीत नऊ नावं. त्यातले पाच पुण्यात, हडपसर नाहीतर खराडीला. एक कुरकुंभच्या एमआयडीसीत, तिन्ही शिफ्टमध्ये फिरणारा. एक स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत. उरले दोन. त्या दोघांना काम काय, तर खुर्च्या लावा, माइक लावा, प्रोजेक्टर चालू करा. डिसेंबर आला की मात्र सगळे नऊ जण हजर, कारण घरोघरी कॅरल म्हणत फिरायचं असतं. मला कॅरल फार आवडतात, ते सोडूच नका. पण अकरा महिने झोपलेला संघ बाराव्या महिन्यात गातो, याला संगोपन म्हणता येत नाही.

वडीलधारे म्हणतात, "तरुण येत नाहीत." तरुण म्हणतात, "येऊन करायचं काय?" दोघांचंही खरं आहे.

आमच्या मंडळीतल्या एका मुलाचं सांगतो. नाव नको. त्याची नोकरी गेली, आणि तीन महिने कुणालाच पत्ता नव्हता. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी सहाला एक वचन पडायचं, मागे सूर्योदयाचा फोटो. तो रोज हात जोडलेला इमोजी टाकायचा. नव्वद दिवस, नव्वद इमोजी. आम्ही नऊही जण एकाच वयाचे, एकाच प्रकारच्या नोकऱ्यांतले, सगळ्यांना सगळं कळतं अशा थाटातले, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते महिला मंडळातल्या एका काकूंच्या. त्याच्या आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या आणि तिने त्या आणल्या नव्हत्या, एवढ्यावरून. काकूंनी घरी जाऊन सरळ विचारलं, "पगार होतोय का रे तुझा?"

त्या काकू कधीच तरुण संघाच्या सभासद नव्हत्या, आणि नियमाप्रमाणे होऊही शकत नाहीत. माझं म्हणणं इथून सुरू होतं.

आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसला की आपल्याला वाटतं हे गट आकाशातून पडलेत. संडे स्कूल घ्या. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर नावाच्या गावात १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स या वर्तमानपत्राच्या संपादकाने ते सुरू केलं. म्हणजे एकट्यानेच असं नाही, पण नाव त्याचं झालं. कुणासाठी? आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी. त्यांना रविवारचीच सुट्टी. त्या दिवशी आधी काय शिकवायचे, तर अक्षरओळख. वाचायला शिकायचं आणि बायबल वाचायचं, ही एकच गोष्ट होती. पाठांतर, चित्रं रंगवणं, बक्षीस समारंभ हे सगळं नंतरचं.

आपल्याकडेही तेच घडलं. नगर आणि शिरूर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे पणजोबा ज्या समाजांतून आले, त्यांना गावच्या शाळेत बसू देत नव्हते, मग पुस्तक हातात येणं तर लांबच. त्यांच्यासाठी बाप्तिस्मा आणि बाराखडी जवळजवळ एकाच दाराने आली. आपल्या घरात जुनं, पिवळं पडलेलं बायबल असतं ना, ज्याच्या पहिल्या पानावर जन्मतारखा लिहिलेल्या असतात? काही घरांत ते घरातलं पहिलं पुस्तक होतं.

आणि आज? आज त्याच घरातली मुलं इंग्रजी माध्यमात जातात. ठीक आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संडे स्कूलमध्ये मराठी बायबल हातात दिलं की नऊ वर्षांचा मुलगा एकेक अक्षर लावत बसतो. 'ज्ञ' आला की थांबतो, 'कृपा' वाचताना अडखळतो. मग शिक्षिका म्हणते, "राहू दे, मी वाचते." हळूहळू वाचणं तिचंच होऊन जातं. वाचता येणं हीच ज्या विश्वासाची पहिली भेट होती, त्यातली चौथी पिढी मराठीपुरती पुन्हा निरक्षर होतेय. कुणाच्या नोटीस बोर्डावर ही नोटीस नाही.

इथे मला पंडिता रमाबाईंबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पाटसहून पुण्याची गाडी पकडली की पुढे कडेठाण, मग केडगाव. दोन स्टेशनं. आपल्यातले कितीतरी जण रोज केडगाववरून जातात, कानात इअरफोन घालून. तिथे मुक्ती मिशन आहे.

रमाबाई आपल्याला शाळेच्या धड्यातून माहीत असतात. विधवांसाठी काम, शारदा सदन, वगैरे. पण त्या स्वतः कशा घडल्या ते बघा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक, सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरणारं. रमाबाईंना संस्कृत शिकवलं आईने. पहाटे, घरातली कामं सुरू व्हायच्या आधी. झोपेतल्या मुलीला मांडीवर घेऊन आई श्लोक म्हणायची आणि मुलगी ऐकून ऐकून पाठ करायची. रमाबाईंनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. पुढे त्यांनी इंग्लंडमध्ये १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण शिकवण्याची ही पद्धत मला त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते. एक मोठी, एक लहान, मध्ये एक पाठ.

१८९६-९७ चा दुष्काळ आणि मग १९०० चा. त्यांनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून उपाशी मुली आणि बायका केडगावला आणल्या. पुढे मुक्तीत दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. तान्ही मुलं, तरुण विधवा, म्हाताऱ्या, आंधळ्या बायका. वेगवेगळी सदनं होतीच, एवढ्या माणसांना ती लागणारच. १९०५ मध्ये तिथे जे आत्मिक जागरण झालं, त्याबद्दल आपल्याकडच्या सभांमध्ये फार बोललं जातं. अग्नी, अश्रू, रात्रभर प्रार्थना. माझ्या मते त्यातला जास्त महत्त्वाचा भाग आधीचा आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींना विचारलं की रोज ठरवून एकत्र प्रार्थना कोण करेल? सुरुवातीला सत्तरेक जणी तयार झाल्या. रोज जमायच्या. तो आकडा वाढत पाचशेच्या पुढे गेला. मग मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत जायच्या. जागरण जूनअखेरीला झालं. त्याआधीचे पाच-सहा महिने रोज जमणं होतं, आणि त्याचं रील कुणी बनवत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात भारी वाटते. त्या काळात असलेलं मराठी बायबल रमाबाईंना आपल्या मुलींसाठी अवघड वाटायचं. नुकत्याच वाचायला शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि स्वतः पूर्ण बायबलचं भाषांतर केलं. छपाईसुद्धा मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच बायकामुलींच्या हातून. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झालं.

विचार करा, कमी वाचता येणाऱ्या माणसासाठी एका बाईने एवढं केलं, तेही आपल्यापासून दोन स्टेशनांवर. आणि आपण अडखळणाऱ्या मुलाला म्हणतो, "राहू दे."

तर आम्ही गेल्या वर्षापासून एक साधी गोष्ट करतोय. महिन्यातल्या तीन आठवड्यांना आपापले गट आहेत तसेच. चौथ्या रविवारी संध्याकाळी कुणाच्याही गटाची बैठक नाही. सगळे एका घरी. आणि वाचन जोडीने. एक जण साठीच्या वरचा, एक जण पंधराच्या आतला. मुलाने मोबाईलवर अध्याय शोधायचा, अक्षर मोठं करून आजीपुढे धरायचं. आजीने एक ओवी वाचायची, मुलाने पुढची. आपल्याकडे वचनाला ओवी म्हणायची पद्धत आहे, बाहेरच्यांना सांगून ठेवतो. अडलेला शब्द त्या जोडीने आपसात सोडवायचा, मध्ये पाळकसाहेबांनीही बोलायचं नाही. पाळकसाहेबांना हा नियम सगळ्यात जड गेला, हे ते स्वतः हसत सांगतात.

दुसऱ्याच वेळी मत्तयाचा तिसरा अध्याय होता. बाप्तिस्मा करणारा योहान येणाऱ्याबद्दल सांगतो, त्याच्या हातात सूप आहे. आठ वर्षांची मुलगी थांबली. म्हणाली, "टोमॅटोचं?" सगळे हसले. पण तिचा प्रश्न बरोबर होता. हातात सूप घेऊन कुणी खळं कसं साफ करेल? तिच्या जोडीच्या आजी उठल्या, आत गेल्या आणि माळ्यावरून बांबूचं सूप काढायला लावलं. वाटीभर ज्वारी मागवली, त्यात थोडा कोंडा मिसळला आणि बसल्या जागी पाखडून दाखवलं. दाणे सुपात, कोंडा समोर फरशीवर. मग म्हणाल्या, खळ्यावर उफणायला वारा लागतो, वारा नसला की दिवसभर बसून राहायचं. त्या आजी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेल्या. महिला मंडळात त्या मागच्या रांगेत बसतात, बोलत नाहीत. त्या संध्याकाळी न्यायाच्या दिवसाबद्दल त्यांनी वीस मिनिटं सांगितलं आणि अर्धी मंडळी फरशीवरचा कोंडा बघत ऐकत होती.

मला बीटेकला चार वर्षांत एवढं चांगलं प्रात्यक्षिक मिळालं नव्हतं. असो.

आता तुम्ही म्हणाल, हे ठीक आहे, पण तरुणांना आपली जागा नको का? हवी. शंभर टक्के हवी. सतरा वर्षांची मुलगी लग्नाबद्दल, मित्राबद्दल, देव आहे का याबद्दल आपल्या मावशीसमोर बोलणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर "आजकाल प्रार्थना करतोस का?" असं विचारलं की तो पुढच्या वेळी क्लास आहे म्हणून सांगतो. म्हणून तीन आठवडे गट तसेच ठेवलेत. गट मोडा असं मी म्हणत नाहीये. पण महिन्यातून एकदाही सगळी वयं एका सतरंजीवर येत नसतील, तर प्रत्येक गट आपल्यापुरताच राहतो.

आणि शास्त्रात तरी कुठे वयाच्या भिंती आहेत? येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात कुठे सापडला? गुरुजनांमध्ये बसलेला, त्यांचं ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत. त्याला कुणी ज्युनिअर क्लासला पाठवलं नव्हतं. त्याआधी त्याच मंदिरात तान्ह्या बाळाला ओळखणारे दोघे, शिमोन आणि हन्ना. हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची. तीमथ्याला पत्र लिहिताना पौल कुठल्या शिबिराची आठवण देत नाही, तो दोन नावं घेतो. आजी लोईस आणि आई युनीके.

अडचणी भरपूर आहेत, लपवत नाही. एक, साक्ष. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना साक्ष द्यायला उभं केलं की १९७२ च्या दुष्काळापासून सुरुवात होते आणि चहा थंड होतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही स्वयंपाकघरातलं टायमर ठेवलं, पाच मिनिटांचं. पहिल्या वेळी एक काका रुसले. आता तेच काका टायमर लावतात. दोन, शेजारी. घरात गाण्याचा आवाज आला, बाहेर चपला दिसल्या की हल्ली लोक विचारतात, काय चाललंय? आम्ही दार उघडं ठेवतो आणि शेजाऱ्यांनाही चहा देतो. सूप पाखडलं त्या दिवशी शेजारच्या मावशी दारातूनच ओरडल्या होत्या की हात असा तिरका धर.

तीन, आणि ही खरी अडचण. आम्ही पुण्यातले. चौथ्या रविवारी यायचं म्हणजे सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. मी कॉलवर जोडण्याचा प्रस्ताव दिला होता. चार महिने करून बघितलं. कॉलवर आवाज येतो, पण कुणाच्या गोळ्या संपल्यात ते दिसत नाही. म्हणून आता नियम असा की पुण्यातल्या पाच जणांपैकी निदान दोघांनी आळीपाळीने यायचं. आमच्या कामात ऑन-कॉल असते ना, रात्री सर्व्हर बंद पडला तर कुणी उठायचं याची पाळी, तशीच. आणि जो येईल त्याने आठवड्यात एका म्हाताऱ्या माणसाला आणि एका लहान मुलाला फोन करायचा. फॉरवर्ड नाही, फोन.

ज्या मुलाची नोकरी गेली होती, त्याला दुसरी मिळायला आणखी चार महिने लागले. तेवढ्या काळात संडे स्कूलची पाच मुलं त्याच्याकडे होती. तो त्यांना मराठी वाचायला शिकवायचा, बाराखडीपासून. त्याला कुणी नेमलं नव्हतं. त्याच काकू म्हणाल्या, "घरी बसलायस तर ये." आता तो शिफ्टमध्ये आहे, तरी शनिवारी येतो. तेरा वर्षांचा मुलगा हल्ली भक्तीच्या वेळी शास्त्रपाठ वाचतो, आणि 'ज्ञ'ला थांबत नाही.

शेवटचं एक, मदत मागायची आहे म्हणून. नारायण वामन टिळकांची आणि इतर जुनी गीतं आपल्या 'उपासना संगीत' पुस्तकात आहेत. शब्द छापलेले आहेत, पण आमच्याकडच्या कितीतरी चाली पुस्तकात नाहीत, त्या तीन-चार म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात आहेत. आमच्या भाषेत, सगळा डेटा एकाच मशीनवर आणि बॅकअप नाही. त्यातल्या एक आजी एक्याऐंशीच्या आहेत आणि थंडीत त्यांचा दम लागतो. म्हणून चौथ्या रविवारी चहानंतर आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करतोय. आजी म्हणतात, मुलं मागून म्हणतात, मग पुन्हा. आतापर्यंत अकरा गीतं झालीत. स्वर लिहून देणारा कुणी हार्मोनियमवाला ओळखीचा असेल तर कळवा. संध्याकाळी पाच ते साडेसात आम्ही तिथेच असतो. पाटस स्टेशनवरून घ्यायला कुणीतरी गाडी घेऊन येईल.